चिनी-इंग्रजी कॉपीचं काम घेताय? आधी हे वाचा

चिनी शिकलेल्या मंडळींचे प्रश्न गेली काही वर्षं माझ्याकडे जवळजवळ त्याच शब्दांत येतात. ‘एचएसकेची पाचवी पातळी झाली, इंग्रजी चांगलं आहे, शेन्झेनची एक कंपनी वेबसाइटचं काम द्यायला तयार आहे, दर काय सांगू?’ ‘चाकणला दुभाषी म्हणून होते, आता घरून जाहिरातीचं काम घ्यायचंय.’ ‘नवऱ्याची बदली सिंगापूरला झालीये, तिथे फ्रीलान्स चालेल ना?’ आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा: ‘काम देऊन तीन महिने झाले, पैसे नाहीत. आता?’

उत्तरं वेगवेगळी असली तरी घोळाचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. तुम्ही काम अनुवाद म्हणून घेतलेलं असतं आणि क्लायंटला हवी असते कॉपी. मग दर चुकतो, मुदत चुकते, दुरुस्त्या संपत नाहीत, आणि लेखनावर हक्क कोणाचा हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

अनुवाद की कॉपी, हे पहिल्याच मेलमध्ये ठरवा

एक उदाहरण जवळून बघा. थर्मासच्या खोक्यावर चिनी ओळ आहे: ‘च्यांग-शिन फिन-च, त्सुन-श्यांग शंग-हुओ’. चार-चार अक्षरांचे दोन ठोके. शब्दशः अर्थ, ‘कारागिराच्या मनाचा दर्जा, मानाने उपभोगायचं आयुष्य’. चिनी कानाला हे ओळखीचं आणि थोडं शिळंच वाटतं, पण खटकत नाही. अनुवादक त्याचं इंग्रजी करतो ‘इन्जेन्युइटी क्वालिटी, एन्जॉय नोबल लाइफ’. तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटला कोणताही चिनी खोका उलटा करून बघा, अशी ओळ सापडेल. अनुवाद चूक आहे असं म्हणता येणार नाही. पण त्या ओळीने एकही थर्मास विकला जाणार नाही.

कॉपीरायटर ती ओळ बाजूला ठेवतो आणि विचारतो, या थर्मासात चहा किती वेळ गरम राहतो? चिनी राष्ट्रीय मानकात थर्मासची चाचणी सहा तासांनी पाणी किती गरम उरलं यावर होते, त्यामुळे कारखान्याकडे तो आकडा असतोच. अहवाल मागवायचा, वाचायचा आणि मग लिहायचं, ‘पोअर्ड ॲट सिक्स. स्टिल हॉट ॲट नून.’ सकाळी सहाला भरलेला चहा बाराला गरम. ओळ खरी आहे आणि तिचा पुरावा तुमच्या हातात आहे.

तुमची किंमत इथे आहे. नुसतं इंग्रजी येणाऱ्याला तो चाचणी अहवाल वाचता येत नाही आणि कारखान्यातल्या विक्री विभागाला ती इंग्रजी ओळ सुचत नाही. या दोघांच्या मधली जागा तुमची. पण त्या जागेवर बसायचं तर पहिल्या मेलमध्येच विचारा:

- मूळ मजकुराशी इमान राखायचं आहे की मूळ मजकूर फक्त संदर्भ म्हणून आहे?
- वाचणारा कोण आणि कुठला? अमेरिकेतला ग्राहक, दुबईतला घाऊक व्यापारी की भारतातला डीलर?
- मजकूर कुठे जाणार? खोका, ॲमेझॉनचं पान, प्रदर्शनातला फलक?
- अंतिम होकार कोण देणार? (बॉसच्या पुतण्याला इंग्रजी येतं असं उत्तर आलं, तर दुरुस्त्यांचे तास आधीच वाढवून धरा.)

माहितीपुस्तिका, सुरक्षेच्या सूचना, वॉरंटीच्या अटी हे सगळं अनुवाद. घोषवाक्य, वेबसाइटचं पहिलं पान, जाहिरात, उत्पादनाची गोष्ट ही कॉपी. एकाच फाइलमध्ये दोन्ही आलं तर दोन वेगळे दर लावा, लाजू नका.

कोणत्या दिशेने लिहायचं

इथे मी जरा कडक बोलणार आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची सहावी पातळी जुन्या पद्धतीत ५,००० शब्दांची होती. २०२१पासून नऊ पातळ्यांची नवी चौकट आली आणि सात ते नऊची परीक्षा २०२२ अखेरीस सुरू झाली. त्यातली वरची पातळी मिळवली तरी त्यावर चिनी जाहिरात लिहिता येत नाही. पुण्यात पाच वर्षं मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला आपण मिसळीच्या जाहिरातीची ओळ लिहायला देऊ का? तेच.

तेव्हा पर्याय असे:

- चिनीतून इंग्रजीत कॉपी. इंग्रजीतली खोट तुम्हाला कानाने ऐकू येत असेल तरच. काम इथेच सर्वात जास्त आहे. निर्यातदार कारखाने, ऑनलाइन विक्रेते, शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या.
- इंग्रजीतून चिनीत, पण जोडीने. लिहिणारी चिनी व्यक्ती वेगळी. तुम्ही ब्रीफ लिहायचं, मसुदा तपासायचा आणि क्लायंटला समजावून द्यायचा.
- उलट अनुवाद आणि तपासणी. कँटन फेअरला जाणाऱ्या भारतीय निर्यातदाराने एजन्सीकडून चिनी कॅटलॉग करून घेतलेला असतो आणि त्यात काय छापलंय हे त्याला वाचता येत नाही. प्रत्येक ओळीचा अर्थ, सूर आणि धोका सांगणारा तक्ता करून द्या. हे प्रदर्शन ग्वांगझौला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात भरतं. त्याआधीचे दोन महिने या कामाचा हंगाम.

तिसरा पर्याय लोक कमी लेखतात. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. चूक होण्याची जोखीम कमी, आणि शिकायला खूप मिळतं.

‘चिनी’ म्हणजे नेमकी कोणती?

‘चायनीज व्हर्जन हवी’ एवढ्यावर काम सुरू करू नका. मुख्य भूमी आणि सिंगापूरमध्ये सोपी केलेली अक्षरं चालतात, हाँगकाँग आणि तैवानमध्ये पारंपरिक. संगणकावर कळ दाबून एकाची दुसरी करता येते, पण शब्द बदलत नाहीत. मर्सिडीज-बेंझचंच बघा. मुख्य भूमीवर ती ‘बेन-छी’, हाँगकाँगमध्ये ‘पिंग-जी’ आणि तैवानात ‘बिन-शी’. गाडी एक, बाजार तीन, नावं तीन. हाँगकाँगच्या जाहिरातीत तर कँटोनीज बोलीचे खास शब्द सर्रास येतात, आणि मँडरिन शिकलेल्याला ते नुसते वाचतानाही अडखळायला होतं. नम्रपणे ‘हे माझं काम नाही’ म्हणा आणि जोडीदार शोधा.

दर कसा सांगायचा

चीनमध्ये अनुवादाचा भाव हजार अक्षरांमागे सांगायची पद्धत आहे. आपल्याकडे इंग्रजी शब्दामागे. दोन्हींची गल्लत झाली की तिसरा हिस्सा हातचा जातो, कारण हजार चिनी अक्षरांचं इंग्रजी साधारण ६०० ते ७०० शब्द भरतं. क्लायंटने ‘हजाराला अमुक’ म्हटलं की लगेच विचारा, हजार काय? मूळची चिनी अक्षरं की तयार इंग्रजी शब्द?

कॉपीला मात्र शब्दाचा भाव लावूच नका. चार शब्दांच्या घोषवाक्याचे चार शब्दांचे पैसे घेणार का? तासांचा हिशेब घरी करा आणि क्लायंटला एकरकमी आकडा सांगा. समजा तुमचा तास १,२०० रुपयांचा आहे. ब्रीफ आणि अहवाल वाचायला दोन तास, स्पर्धकांचा मजकूर बघायला तीन, लिहायला सहा, दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्यांना तीन. झाले १४ तास, म्हणजे १६,८०० रुपये. क्लायंटने आकडा कमी करायला सांगितला तर काम कमी करा, तासाचा दर नाही. ‘तीनऐवजी एकच पर्याय देईन’ असं सांगता येतं.

हल्ली आणखी एक प्रकार येतो. ‘एआयने करून घेतलंय, फक्त एकदा नजर टाका.’ नजर टाकण्याचा भाव सांगण्याआधी पानभर मजकूर मागवून बघा. पुष्कळदा नव्याने लिहिणं स्वस्त पडतं, कारण वाकडं वाक्य सरळ करायला कोऱ्या कागदापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय क्लायंटचा अप्रकाशित मजकूर तुम्ही स्वतः एखाद्या एआयमध्ये टाकणार असाल तर त्याची लेखी परवानगी घ्या. गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर हे फार महत्त्वाचं.

करार: लाल शिक्का, चिनी नाव आणि एक फसवा शब्द

माझी पहिली मोठी बुडीत रक्कम एका दक्षिण चीनमधल्या कंपनीची. करार होता, इंग्रजीत, विक्री व्यवस्थापकाच्या सहीने. पैसे थकले तेव्हा कंपनी शोधायला गेले, तर त्या इंग्रजी नावाची कंपनी कुठेच नोंदलेली नव्हती. असणार कशी? मुख्य भूमीवर कंपनीची नोंदणी चिनी नावानेच होते. इंग्रजी नाव म्हणजे दुकानावरची पाटी. व्यवस्थापकही तोवर नोकरी सोडून गेले होते. तेव्हापासून मी या गोष्टी बघितल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही:

- चिनी अक्षरांत पूर्ण नोंदणीकृत नाव आणि १८ अंकी-अक्षरी एकीकृत सामाजिक पत क्रमांक. हे दोन्ही व्यवसाय परवान्यावर असतात. परवान्याचा फोटो मागा, प्रामाणिक कंपनी लगेच पाठवते. सरकारी कंपनी नोंदणी संकेतस्थळावर नाव पडताळून घेता येतं, आणि तुम्हाला तर चिनी वाचता येतं.
- लाल गोल शिक्का. कंपनीचा ‘कुंग-चांग’ किंवा कराराचा खास शिक्का. आपल्याकडे सहीला जे वजन आहे ते तिथे शिक्क्याला आहे. शिक्क्यावरचं नाव परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.
- कोणती भाषा ग्राह्य. दोन्ही भाषांत करार असेल तर वाद झाल्यावर कोणती प्रत धरायची, हे एका वाक्यात लिहा.
- कामाची व्याप्ती. किती पर्याय, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, त्यानंतर तासाला किती, आणि क्लायंटने अमुक दिवसांत कळवलं नाही तर काम मंजूर समजायचं.

आणि तो फसवा शब्द. आगाऊ रकमेला चिनीत ‘तिंग-चिन’ म्हणतात, पण हा उच्चार दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिला जातो. एकाचा अर्थ साधी आगाऊ रक्कम. दुसऱ्याचा अर्थ कायद्याने हमी म्हणून दिलेला बयाणा. नागरी संहितेनुसार असा बयाणा देणाऱ्याने करार मोडला तर तो बुडतो आणि घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत द्यावा लागतो. कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतच तो असा धरला जातो. तुम्ही घेणारे आहात हे लक्षात ठेवा. आजारी पडून काम अर्धवट राहिलं तर दुप्पट द्यायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून कागदावर कोणतं अक्षर आहे ते बघा, किंवा सरळ ‘यू-फू-ख्वान’ म्हणजे आगाऊ भरणा हा शब्द लिहून घ्या. निम्मे आगाऊ, निम्मे अंतिम मसुदा देण्याआधी, ही वाटणी मी नव्या क्लायंटशी कधीच सोडत नाही.

बोलणी कुठे करायची हाही प्रश्न भारतात बसून काम करणाऱ्यांना पडतो. चिनी क्लायंटचं सगळं आयुष्य वीचॅटवर चालतं, आणि भारताने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये वीचॅट होतं. आडमार्गाने ते चालू ठेवणारे लोक आहेत. मी तो सल्ला देणार नाही, आणि पैशांची ठरवाठरवी तर तिथे अजिबात करू नका. खातं एक दिवस उघडलं नाही तर पुरावाही गेला. प्रत्येक फोननंतर ‘आज असं ठरलं’ असा चार ओळींचा मेल पाठवायची सवय लावा.

दावे, नकाशे आणि इतर सुरुंग

चिनी जाहिरात कायद्याचं नववं कलम ‘राष्ट्रीय दर्जाचं’, ‘सर्वोच्च’, ‘सर्वोत्तम’ असे शब्द वापरायला मनाई करतं. दंड २ लाख ते १० लाख युआन. त्यामुळे इंग्रजी मजकुरातलं ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ जसंच्या तसं चिनीत नेलं तर क्लायंटला तुम्ही थेट खड्ड्यात ढकलता. भारतीय बाजारासाठी लिहीत असाल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हीकडे माझा नियम एकच. ज्या दाव्याचा कागद क्लायंट दाखवू शकत नाही, तो दावा मी लिहीत नाही, आणि करारात ‘दाव्यांच्या खरेपणाची जबाबदारी क्लायंटची’ हे वाक्य घालते.

नावांच्या यादीत तर फारच जपा. जानेवारी २०१८मध्ये मॅरियट हॉटेल समूहाच्या एका ग्राहक प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाव आणि तैवान यांची नावं देशांच्या यादीत आली. शांघायच्या प्रशासनाने त्यांचं चिनी संकेतस्थळ आणि ॲप आठवडाभर बंद ठेवायला लावलं. कारण काय, तर फॉर्ममधली एक उघडणारी यादी. ‘देश’ऐवजी ‘देश किंवा प्रदेश’ असं लेबल दिलं की हा प्रश्न पुष्कळसा टळतो.

आपल्या बाजूचा सुरुंग नकाशाचा. चिनी क्लायंटने पाठवलेल्या जगाच्या नकाशात अरुणाचल आणि लडाखच्या सीमा आपल्या नकाशाप्रमाणे नसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी फक्त मजकूर लिहिला’ म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका. क्लायंटशी राजकारणाची चर्चाही नको. ‘या पानावर नकाशाऐवजी शहरांची यादी छान दिसेल’ असं सुचवा. माझ्या अनुभवात कोणी कारण विचारत नाही, त्यांनाही ते ठाऊक असतं.

बाकी चार हा आकडा मृत्यूच्या उच्चाराजवळ जातो, घड्याळ भेट देऊ नये, पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी दाखवू नये, हे तुम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं. लिहिताना विसरू नका म्हणजे झालं.

लेखन कोणाचं?

पगारी नोकराने लिहिलेलं मालकाचं होतं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. भारतीय कायद्यानुसार मजकुराचा पहिला मालक लेखक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते दिले असं धरलं जातं. चीनच्या कायद्यातही करार मुका असेल तर सांगून करून घेतलेल्या लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. तेव्हा क्लायंटला कायमचे, जगभरचे हक्क हवे असतील तर जरूर द्या, पण ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावर’ हे शब्द घालून. पैसे अडकले तर तुमच्या हातात उरणारा तोच एक लगाम. काम स्वतःच्या नमुन्यांत दाखवण्याची परवानगीही त्याच कागदात मागून घ्या, नंतर कोणी उत्तर देत नाही.

पैसे भारतात आणताना

- चिनी कंपनीचा हिशेबनीस ‘फा-प्याओ’ मागेल. ते तिथल्या कर खात्याचं अधिकृत बिल असतं, भारतात राहणारी व्यक्ती ते देऊ शकत नाही. साधं इनव्हॉइस द्या, त्यावर कंपनीचं चिनी नाव आणि करार क्रमांक घाला. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.
- बिलात आणि करारात लिहा की ठरलेली रक्कम म्हणजे माझ्या खात्यात जमा होणारी निव्वळ रक्कम. नाहीतर तिथला कर आणि मधल्या बँकांचे आकार कापून भलताच आकडा येतो. पैसे पाठवायच्या अर्जात बँकेचा खर्च पाठवणाऱ्याकडे हा पर्याय असतो, तो निवडायला सांगा. तिथे कर कापलाच तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. भारतात कर भरताना त्याची सवलत मागता येते.
- सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर परदेशी क्लायंटचं काम सेवेची निर्यात म्हणून शून्य दराने करता येतं. त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावं लागतं आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा लागतो.
- ‘आमचा मुंबईचा डीलर तुम्हाला रुपयांत देईल’ किंवा ‘माझ्या बहिणीच्या खात्यातून पाठवतो’ असं क्लायंट म्हणाला तर आधी सीएला विचारा. सेवेच्या निर्यातीची अट तिथे मोडू शकते. क्रिप्टोला थेट नाही म्हणा.
- ढोबळ जमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरण्याची सवलत ठरावीक व्यवसायांनाच आहे. कॉपीलेखन त्यात बसतंच असं गृहीत धरू नका, सीएचं मत घ्या.

जोडीदार परदेशी नोकरीत असेल तर

सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि घरी असलेला जोडीदार लिहिता असेल तर फ्रीलान्सचा विचार सहज येतो. दोन शहरांचे नियम मात्र अगदी उलट आहेत. हाँगकाँगमध्ये नोकरीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीच्या पती-पत्नीला काम करता येतं, विद्यार्थ्याच्या जोडीदाराला परवानगीशिवाय येत नाही. सिंगापूरमध्ये १ मे २०२१पासून डिपेंडंट पासवर असलेल्यांना नोकरी करायची तर स्वतंत्र वर्क पास लागतो. स्वतःचा व्यवसाय काढायचा तर स्थानिक माणूस नोकरीवर ठेवण्यासारख्या अटी आहेत. ‘क्लायंट भारतातला आहे, मग काय बिघडलं’ हा युक्तिवाद स्वतःशी करत बसण्यापेक्षा तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला लेखी विचारा.

मुख्य भूमीवर विद्यार्थी व्हिसावर असाल तर परवानगीशिवाय एक पानही पैसे घेऊन लिहू नका. बेकायदा कामाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही.

पैसे अडकले तर

कुठला क्लायंट आहे त्यावर उपाय ठरतो.

- भारतीय एजन्सी. चिनी काम तुम्हाला भारतीय एजन्सीमार्फत मिळालं असेल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती मोफत आहे आणि काम घेण्याआधी केलेली बरी. मग खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते. लहान उद्योगांच्या या कायद्याच्या नुसत्या उल्लेखाने बिल निघाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.
- हाँगकाँग किंवा सिंगापूर, आणि तुम्ही तिथेच राहता. लहान दाव्यांची न्यायाधिकरणं आहेत, वकील लागत नाही, चालतही नाही. हाँगकाँगमध्ये मर्यादा ७५,००० हाँगकाँग डॉलर, सिंगापूरमध्ये २०,००० सिंगापूर डॉलर, दोन्ही पक्ष राजी असतील तर ३०,०००.
- मुख्य भूमी, आणि तुम्ही भारतात. खरं सांगायचं तर लहान रकमेसाठी कोर्ट परवडत नाही. तिथल्या वकिलामार्फत ‘ल्यू-श-हान’, म्हणजे वकिलाचं पत्र, कंपनीच्या चिनी नावाने पाठवता येतं आणि कधीकधी तेवढ्याने काम होतं. म्हणून तर आगाऊ रक्कम आणि लाल शिक्का यांवर मी एवढी अडून बसले.

काम शोधताना ओळखायचे सापळे

‘श-यी’ म्हणजे चाचणी अनुवाद. दोनशे-तीनशे अक्षरांचा असेल तर करा. दोन पानांचा, सलग मजकुराच्या मधूनच तोडलेला वाटला, तर सावध व्हा. वीस उमेदवारांना वीस तुकडे वाटून पूर्ण पुस्तिका फुकट करून घेणारे महाभाग आहेत. मोठी चाचणी हवी असेल तर तिचे पैसे मागा.

काम देण्याआधी नोंदणी शुल्क, अनामत किंवा ‘टास्क’ पूर्ण करायला स्वतःचे पैसे भरायला सांगितले तर तो क्लायंट नाही, तो चोर. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं.

आणि शेवटी कॅलेंडर. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या मध्ये कधीतरी येतं आणि त्याच्या आगेमागे कंपन्यांचे हिशेब विभाग दोन-तीन आठवडे ओस पडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही तीच गत. डिसेंबरात संपलेल्या कामाचं बिल डिसेंबरातच पाठवा. फेब्रुवारीत पाठवलेलं बिल मार्चमध्ये उघडलं जातं.